डोसआधीची लघवी आणि औषधाचा पुढचा प्रवास: पॅरासिटामॉलच्या आधारे एक प्रयोग-मार्गदर्शक

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७५ च्या सुमारास रॉबर्ट स्मिथ या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर डेब्रिसोक्वीन हे रक्तदाबाचे औषध स्वतः घेतले. बाकीच्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका खाली गेला की त्यांना उभे राहता येईना. त्यांची लघवी तपासल्यावर कारण कळले. इतरांच्या शरीराने औषधाचा बराच भाग ४-हायड्रॉक्सी रूपात बदलून टाकला होता, तर स्मिथ यांच्या लघवीत ते बहुतांशी जसेच्या तसे उतरले होते. आठ तासांच्या लघवीतील मूळ औषध भागिले हायड्रॉक्सी रूप, हे गुणोत्तर १२.६ च्या वर असेल तर ती व्यक्ती हे औषध मंद गतीने बदलते, अशी सीमारेषा पुढे ठरली. ज्या विकराचा (एन्झाइमचा) हा फरक होता, त्याला आज सीवायपी२डी६ म्हणतात.

या पद्धतीत एक अडचण होती. शरीर औषधाचे काय करते हे कळण्यासाठी ते औषध आधी पोटात जावे लागत होते. प्रस्तुत लेख पुढच्या पायरीविषयी आहे: औषध देण्यापूर्वीच घेतलेल्या लघवीतून त्याचा पुढचा मार्ग किती प्रमाणात सांगता येतो, आणि ते तपासणारा प्रयोग शिस्तीने कसा करावा. उदाहरण म्हणून पॅरासिटामॉल घेतले आहे, कारण त्याचे रसायन नीट ठाऊक आहे आणि मानवावर झालेला यातील सर्वांत परिचित प्रयोग त्याच औषधावरचा आहे. औषधशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, फार्मसीचे संशोधक आणि नैदानिक प्रयोगशाळांत काम करणारे तंत्रज्ञ डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. घरी करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि डॉक्टरची प्रत्यक्ष उपस्थिती यांशिवाय यातील एकही पायरी ओलांडू नये.

आधी प्रश्न पक्का करावा

पॅरासिटामॉल यकृतात मुख्यतः दोन वाटांनी निष्प्रभ होते. प्रौढांत निम्म्याहून थोडा अधिक भाग ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडला जातो आणि साधारण एक तृतीयांश भाग सल्फेटशी. थोडा भाग ऑक्सिडीकरणाने एनएपीक्यूआय या विषारी पदार्थात बदलतो, पण ग्लुटाथायोन हे शरीरातील संरक्षक द्रव्य त्याला लगेच पकडते आणि तो सिस्टीन व मर्कॅप्युरिक आम्लाच्या रूपात लघवीतून जातो. जेमतेम काही टक्के औषध न बदलता बाहेर पडते.

सल्फेटच्या वाटेवर एसयूएलटी१ए१ हे विकर काम करते आणि त्याला सल्फेटचा पुरवठा ‘पॅप्स’ नावाचा रेणू करतो. हा साठा अमर्याद नसतो. आपल्या मोठ्या आतड्यातील काही जीवाणू टायरोसिन या अमिनो आम्लापासून पॅरा-क्रेसॉल तयार करतात. ते रक्तात शोषले जाते आणि त्याचीही विल्हेवाट शरीर प्रामुख्याने त्याच विकराने, त्याच सल्फेटच्या साठ्यातून लावते. म्हणजे एकाच खिडकीसमोर दोघांची रांग लागते. ज्याच्या आतड्यात पॅरा-क्रेसॉल जास्त बनते, त्याच्याकडे पॅरासिटामॉलसाठी सल्फेटची ताकद कमी उरावी, हा तर्क यातून निघतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील जेरेमी निकोल्सन यांच्या गटाने डोसआधीच्या लघवीवरून भाकीत करण्याचा विचार २००६ मध्ये उंदरांवर आणि २००९ मध्ये ९९ निरोगी पुरुष स्वयंसेवकांवर पारखून पाहिला. डोसआधीच्या लघवीत पॅरा-क्रेसॉल सल्फेट ज्यांच्यात जास्त होते, त्यांच्यात डोसनंतर पॅरासिटामॉल सल्फेट व ग्लुकुरोनाइड यांचे गुणोत्तर कमी आढळले. येथे खूण औषधाची नाही, यकृताचीही नाही. ती आतड्यातील जीवाणूंची आहे. जनुकतपासणीत ती कधीच दिसणार नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

तेव्हा आपला प्रश्न एका वाक्यात, कामाला सुरुवात करण्यापूर्वी, कागदावर उतरवावा. उदाहरणार्थ: ‘डोसआधीच्या लघवीतील पॅरा-क्रेसॉल सल्फेट भागिले क्रिएटिनिन या गुणोत्तरावरून, १ ग्रॅम पॅरासिटामॉलनंतरच्या पहिल्या सहा तासांतील सल्फेट व ग्लुकुरोनाइड यांच्या गुणोत्तराचा अंदाज बांधता येतो का?’ (क्रिएटिनिन हा स्नायूंमधून लघवीत येणारा पदार्थ. लघवी दाट की पातळ याची दुरुस्ती त्याने भागून होते.) या वाक्यात खूण, परिणाम, डोस आणि कालावधी हे चारही ठरलेले आहेत. यातले एकही नंतर, आकडे पाहून, बदलायचे नाही. लघवीच्या एका वर्णपटात, म्हणजे तिच्यातील पदार्थ दाखवणाऱ्या यंत्राच्या आलेखात, शेकडो शिखरे असतात. त्यांतले एखादे कोणत्यातरी परिणामाशी योगायोगाने जुळणारच. प्रश्न आधी न लिहिणाऱ्याला तो योगायोग शोध वाटतो.

स्वयंसेवक किती आणि कोण

अपेक्षित सहसंबंध ०.४ इतका असेल, तर तो ८० टक्के सामर्थ्याने (खरा संबंध हाती लागण्याची शक्यता) आणि ५ टक्के दुहेरी सीमेवर (योगायोगाला संबंध मानण्याची शक्यता) दाखवण्यासाठी सुमारे ४७ व्यक्ती लागतात, ०.३ असेल तर सुमारे ८५. नमुने वाया जातात, काही जण मध्येच सोडून जातात, म्हणून वर १५ ते २० टक्के भर घालावी. केवळ सहसंबंध नव्हे तर भाकीत करायचे असेल, तर ज्यावर नियम बनवला त्याहून वेगळ्या लोकांचा दुसरा गट लागतो आणि संख्या साहजिकच वाढते.

यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, नियमित मद्यपान करणारे, वजन ५० किलोपेक्षा कमी असलेले, गर्भवती आणि पॅरासिटामॉलची ॲलर्जी असलेले यांना सुरक्षिततेसाठी वगळावे. मागील तीन महिन्यांत प्रतिजैविके घेतलेल्यांना वेगळ्या कारणाने वगळावे: त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची घडी विस्कटलेली असते आणि आपली खूण नेमकी तेथूनच येते.

आहाराची नोंद हा भारतात या प्रयोगाचा गाभा मानावा. पॅरा-क्रेसॉलचा कच्चा माल म्हणजे मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचलेली प्रथिने. शाकाहारी लोकांच्या लघवीत पॅरा-क्रेसॉल सल्फेट मांसाहारी लोकांपेक्षा बरेच कमी असते. शिवाय सल्फेटचा साठाही आहारातील मेथिओनीन व सिस्टीन यांच्यातून भरला जातो, म्हणजे कमी प्रथिने खाणाऱ्याच्या बाबतीत रांग आणि खिडकी दोन्ही बदलतात. ‘शाकाहारी’ किंवा ‘मांसाहारी’ अशा एका खुणेवर थांबू नये. आठवड्यातून किती वेळा मासे, मटण, अंडी, डाळी आणि दूध हे विचारावे. महाराष्ट्रात आणखी एक पथ्य पाळावे लागेल. श्रावणात अनेक घरांत मांसाहार बंद असतो, म्हणून निम्मे स्वयंसेवक आषाढात आणि निम्मे श्रावणात घेतले तर आपण पॅरासिटामॉलऐवजी पंचांगाचा अभ्यास करून बसू. नोंदणी सुरू होण्याआधीच तारखा त्या दृष्टीने पाहाव्यात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे वाचून संमतिपत्र मराठीत, स्वयंसेवकाला समजेल अशा भाषेत तयार करावे. त्यात लघवी किती वर्षे जपली जाईल, तिच्यावर पुढे आणखी तपासण्या होतील का आणि निकाल कळवला जाईल का, हे तीन मुद्दे स्पष्ट असावेत. औषध देऊन केलेला अभ्यास असल्याने, पहिला स्वयंसेवक घेण्याआधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद करावी.

डोसच्या दिवसाआधीचे दोन दिवस

सर्वांत मोठा धोका गोळ्यांच्या डब्यात असतो. सर्दी-तापाच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत आणि अनेक वेदनाशामकांत पॅरासिटामॉल असते, पण घेणाऱ्याला ते ‘सर्दीची गोळी’ म्हणूनच ठाऊक असते. म्हणून ‘पॅरासिटामॉल घेतले का?’ असे न विचारता ‘मागच्या पाच दिवसांत कोणतीही गोळी, सिरप किंवा पूड घेतली का?’ असे विचारावे आणि शक्य असल्यास पट्टी दाखवायला सांगावे. ॲस्पिरिन, इतर वेदनाशामके, पूरके आणि काढे यांचीही नोंद घ्यावी. मद्य किमान ४८ तास टाळावे. आदल्या रात्रीचे जेवण सर्वांना शक्यतो एकसारखे द्यावे. ते जमत नसेल तर निदान लिहून घ्यावे.

नमुने घेण्याचा दिवस

सकाळी स्वयंसेवक उपाशीपोटी येतो. उठल्यावरची पहिली लघवी रात्रभर साठलेली आणि दाट असते, तिची वेळ प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून ती टाकून देऊन, केंद्रावर आल्यानंतरची दुसरी लघवी डोसआधीचा नमुना म्हणून घेणे अधिक सोयीचे ठरते. कोणतीही निवडा, सर्वांसाठी एकच निवडा. धार सुरू झाल्यावर थोडी सोडून मधला भाग भांड्यात घ्यावा.

हा नमुना या संपूर्ण प्रयोगाचा पाया आहे. डोसनंतरचा नमुना चुकला तर एक व्यक्ती गळते, पण डोसआधीचा चुकला आणि गोळी गिळली गेली, तर त्या व्यक्तीचे भाकीत करण्याची संधीच संपते. म्हणून नियम असा करावा: डोसआधीचा नमुना ट्यूबमध्ये भरून, लेबल लावून, बर्फावर ठेवलेला आहे हे दुसऱ्या माणसाने पाहून सही केल्याशिवाय गोळीची पट्टी उघडायची नाही.

त्यानंतर ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या २०० मिलिलीटर पाण्याबरोबर द्याव्यात आणि घड्याळातील वेळ लिहावी. २००९ च्या प्रयोगात डोसनंतरची लघवी ० ते ३ आणि ३ ते ६ तास अशा दोन भागांत घेतली होती. तीच विभागणी ठेवावी, म्हणजे तुलना करता येते. दोन्ही कालावधींत झालेली सगळी लघवी त्या-त्या भांड्यात जमा झाली पाहिजे आणि तिसऱ्या व सहाव्या तासाला मूत्राशय पूर्ण रिकामे करायला सांगितले पाहिजे. मध्ये एकदा चुकून बाहेर लघवी झाली, तर ते लपवू नका असे स्वयंसेवकाला आधीच हसतखेळत सांगून ठेवावे, कारण संकोचाने लपवलेली अशी एक चूक नंतर कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. ताशी साधारण १५० मिलिलीटर पाणी द्यावे आणि हलका नाश्ता दोन तासांनंतर द्यावा. चहा-कॉफीचा नियम सर्वांना सारखा असावा.

प्रत्येक भांड्याचे आकारमान मोजून लिहावे. वजन करून लिहिले तर अधिक बरे. नुसत्या गुणोत्तरासाठी आकारमान लागत नाही असे वाटेल, पण एकूण किती औषध बाहेर आले हे त्याशिवाय कळत नाही, आणि दोन कालावधी एकत्र करतानाही ते लागतेच.

साठवण

लघवी ही जीवाणूंसाठी चांगली खुराक आहे. खोलीच्या तापमानाला काही तास राहिलेल्या नमुन्यात ॲसिटेट, लॅक्टेट, इथेनॉल असे पदार्थ वाढतात आणि आपण त्यांना शरीराची खूण समजतो. नमुना दोन तासांच्या आत ४ अंश सेल्सिअसला सेंट्रिफ्यूज करून पेशी व गाळ खाली बसवावा, वरचा द्रव १.५ मिलिलीटरच्या सहा-सात छोट्या ट्यूबमध्ये विभागावा आणि उणे ८० अंशाला ठेवावा. एकच मोठी बाटली गोठवून पुनःपुन्हा वितळवणे टाळावे. विभागणी करण्याचे कारणच ते आहे.

संरक्षक म्हणून सोडियम अझाइड वापरायचे असेल, तर ते अत्यंत विषारी आहे आणि तांब्या-शिशाच्या नळांमध्ये साचल्यास स्फोटक संयुगे बनवते, म्हणून ते सिंकमध्ये ओतू नये. आम्ल टाकून नमुना जपण्याची जुनी सवय या प्रयोगात घातक ठरेल. तीव्र आम्लात पॅरा-क्रेसॉल सल्फेटचे बंध तुटून मोकळे पॅरा-क्रेसॉल बनते. जुन्या संशोधनात अनेकदा ‘पॅरा-क्रेसॉल’ म्हणून जे मोजले गेले ते शरीरात बहुतांशी सल्फेट रूपातच होते, हा गोंधळ याच कारणाने झाला होता.

मोजमाप

दोन मार्ग आहेत. एनएमआर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स) यंत्र एकाच वेळी अनेक पदार्थ दाखवते, नमुन्याची तयारी थोडी असते आणि निकाल पुनःपुन्हा सारखे येतात, पण कमी प्रमाणातले पदार्थ त्याला दिसत नाहीत. द्रव-वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपट यांची जोड (एलसी-एमएस) अधिक संवेदनशील आहे, मात्र प्रत्येक पदार्थासाठी समस्थानिक-चिन्हित प्रमाणके लागतात. आपले चारही पदार्थ, म्हणजे पॅरा-क्रेसॉल सल्फेट, क्रिएटिनिन आणि पॅरासिटामॉलची दोन रूपे, लघवीत एनएमआरला दिसतील इतके असतात, म्हणून येथे एनएमआर पुरेसे आहे. मुंबईत टीआयएफआर व आयआयटी आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथे अशी यंत्रे आहेत. वेळ आधीच मागून ठेवावी लागते.

नमुना बर्फावर वितळवून पुन्हा सेंट्रिफ्यूज करावा. ५४० मायक्रोलीटर लघवीत ६० मायक्रोलीटर फॉस्फेट बफर मिसळावे. बफरचा सामू ७.४ असावा, ते जड पाण्यात केलेले असावे आणि त्यात संदर्भ शिखरासाठी टीएसपी हे रसायन घातलेले असावे. बफर हे सोपस्कार म्हणून नसते. लघवीचा सामू माणसागणिक ५ ते ८ च्या दरम्यान कुठेही असतो आणि त्याप्रमाणे शिखरे सरकतात. सरकलेल्या शिखराला संगणक वेगळा पदार्थ समजतो. पाण्याचे शिखर दाबणारी एकमितीय पद्धत, तापमान २७ अंश आणि ६०० मेगाहर्ट्झचे यंत्र ही या क्षेत्रातील रुळलेली मांडणी आहे.

पॅरा-क्रेसॉल सल्फेटच्या मिथाइल गटाचे शिखर सुमारे २.३५ पीपीएमला (पीपीएम म्हणजे वर्णपटातील शिखराची जागा सांगणारे एकक) आणि वलयावरची दोन शिखरे ७.२१ व ७.२९ च्या आसपास मिळतात. २.३५ च्या शेजारी पायरुव्हेटसारखे इतर पदार्थही येतात, त्यामुळे वलयावरची शिखरे त्याच प्रमाणात आहेत का हे पाहूनच ओळख पक्की करावी. क्रिएटिनिनच्या मिथाइलचे शिखर ३.०५ जवळ असते. दोन्ही मिथाइल गटांत हायड्रोजन तीनच असल्याने क्षेत्रफळांचा सरळ भागाकार म्हणजेच रेणूंचे गुणोत्तर होते.

डोसनंतरच्या नमुन्यात पॅरासिटामॉलच्या ॲसिटाइल गटांची शिखरे २.१५ ते २.१८ या चिंचोळ्या पट्ट्यात गर्दी करतात. ती वेगळी करण्यापेक्षा वलयाकडची शिखरे वापरावीत: सल्फेटसाठी ७.४५ जवळचे आणि ग्लुकुरोनाइडसाठी ७.१४ जवळचे. हाच २.१५ ते २.१८ चा पट्टा डोसआधीच्या नमुन्यात मात्र जरूर तपासावा. तेथे शिखरे दिसली, तर स्वयंसेवकाने दोन दिवसांत कुठेतरी ‘सर्दीची गोळी’ घेतलेली आहे आणि त्याला वगळावे लागेल.

सर्व नमुन्यांतून थोडा-थोडा भाग घेऊन एक सामायिक मिश्रण करावे आणि दर दहा नमुन्यांनंतर ते मोजावे. ते दिवसभर सारखे येत असेल तर यंत्रावर विश्वास ठेवावा. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, आधी सगळे डोसआधीचे आणि मग सगळे डोसनंतरचे असे लावू नयेत.

गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डोसआधीच्या नमुन्यात पॅरा-क्रेसॉल सल्फेट ०.३० आणि क्रिएटिनिन १० मिलिमोल प्रति लीटर आहे, म्हणजे गुणोत्तर ०.०३. दुसऱ्या व्यक्तीने भरपूर पाणी प्यायल्याने त्याच्या लघवीत हेच आकडे ०.१५ आणि ५ आले. गुणोत्तर पुन्हा ०.०३. केवळ संहती पाहिली असती, तर पहिल्याची खूण दुप्पट आहे असे वाटले असते. क्रिएटिनिनने भागण्याचे कारण हे आहे. मात्र क्रिएटिनिन स्नायूंच्या प्रमाणावर अवलंबून असते. व्यायामशाळेत जाऊन क्रिएटिनची पूड घेणारा तरुण आणि सडपातळ वयस्क व्यक्ती यांची तुलना त्याने थोडी वाकडी होते, म्हणून लघवीची विशिष्ट घनताही मोजून ठेवावी आणि दोन्हींनी निष्कर्ष सारखा येतो का ते पाहावे.

आता डोसनंतर. पहिल्या तीन तासांत २४० मिलिलीटर लघवी झाली, तिच्यात सल्फेट २.० आणि ग्लुकुरोनाइड ३.५ मिलिमोल प्रति लीटर, म्हणजे ०.४८ आणि ०.८४ मिलिमोल. पुढच्या तीन तासांत १८० मिलिलीटर, सल्फेट २.५ आणि ग्लुकुरोनाइड ६.०, म्हणजे ०.४५ आणि १.०८ मिलिमोल. एकूण सल्फेट ०.९३, ग्लुकुरोनाइड १.९२ आणि गुणोत्तर ०.४८. पहिल्या भागाचे गुणोत्तर मात्र ०.५७ होते आणि दुसऱ्याचे ०.४२. एकाच माणसाचे, एकाच सकाळचे दोन आकडे इतके वेगळे येऊ शकतात, म्हणून कालावधी आधी ठरवायचा असतो. तसेच पॅरासिटामॉलचे रेणुभार १५१ असल्याने १ ग्रॅम म्हणजे सुमारे ६.६ मिलिमोल होतात. वरच्या व्यक्तीत सहा तासांत २.८५ मिलिमोल, म्हणजे ४३ टक्के, बाहेर आले. हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास आला, तर लघवी सांडली असावी किंवा गोळी उलटून पडली असावी अशी शंका घ्यावी. १०० च्या वर आला, तर आकारमान चुकले आहे.

सहसंबंधाला भाकीत म्हणण्याआधी

दोन्ही गुणोत्तरांचे वितरण एका बाजूला झुकलेले असते, म्हणून लॉगरिदम घेऊन किंवा स्पिअरमनच्या क्रमांक-पद्धतीने सहसंबंध काढावा. त्याहीआधी साधा ठिपक्यांचा आलेख काढून डोळ्यांनी पाहावा. येथे रेषा शोधू नये, आकार शोधावा. पॅरा-क्रेसॉल जास्त असेल तर सल्फेटची वाट अडते, हे तर्काला धरून आहे. पण ते कमी असले म्हणजे सल्फेटची वाट मोकळी असेलच असे नाही, कारण तेथे जनुके, प्रथिनांचा आहार, वय हे इतर घटकही असतात. त्यामुळे ही खूण एका दिशेने अधिक बोलते आणि दुसऱ्या दिशेने गप्प राहते. एकच सहसंबंध-गुणांक हे सांगत नाही.

संपूर्ण वर्णपट वापरून भाकिताचे प्रतिमान (मॉडेल) बनवायचे असेल, तर तीन चुका सर्रास होतात. पहिली आणि सर्वांत लाजिरवाणी म्हणजे डोसनंतरच्या नमुन्यातील माहिती भाकिताच्या बाजूला झिरपणे. उदाहरणार्थ, सर्व नमुने एकत्र करून प्रमाणीकरण केले की हे नकळत होते. दुसरी म्हणजे ज्या लोकांवर शिखरे निवडली त्यांच्यावरच यश मोजणे. निवडसुद्धा प्रत्येक फेरीत, बाजूला ठेवलेल्या व्यक्तींना न पाहता, नव्याने झाली पाहिजे. तिसरी म्हणजे कोणता परिणाम कोणत्या व्यक्तीचा याची सरमिसळ करून हजार वेळा तेच प्रतिमान चालवून न पाहणे. सरमिसळ केलेल्या आकड्यांवरही ते तितकेच ‘यशस्वी’ ठरत असेल, तर ते काहीच शिकलेले नाही.

शेवटी नियम दुसऱ्या गटावर, शक्यतो दुसऱ्या शहरातील आणि वेगळ्या आहाराच्या लोकांवर, एकही आकडा न बदलता चालवावा. २००९ च्या प्रयोगातील पुरुषांत दिसलेला संबंध नाशिकच्या शाकाहारी स्त्रियांत तसाच राहील असे गृहीत धरण्याला आधार नाही. तो तपासणे हेच तर आपल्यासाठी काम आहे.

याच वाटेवरच्या इतर खुणा

पॅरासिटामॉल जमल्यावर पुढे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी थोडक्यात. कॅफीन देऊन लघवीतील त्याची रूपे मोजली की सीवायपी१ए२ आणि एनएटी२ या दोन विकरांची गती एकदम कळते. एनएटी२ साठी वापरले जाणारे एएफएमयू हे रूप अल्कलीत लगेच तुटते, म्हणून येथे नमुना सौम्य आम्लधर्मी ठेवावा लागतो. म्हणजे वर ज्याला बंदी घातली तेच येथे आवश्यक, आणि एकाच ट्यूबमधून दोन्ही मोजण्याचा मोह आवरावा. दिवसातून पाच कप चहा पिणाऱ्या आपल्या लोकांत कॅफीनचे पथ्य पाळणे हीच मुख्य कसोटी असते. धूम्रपान सीवायपी१ए२ ला चाळवते, तेही नोंदवावे.

एनएटी२ चे महत्त्व भारतात क्षयरोगामुळे आहे. आयसोनायझिड हे औषध याच विकराने निष्प्रभ होते आणि निम्म्याहून अधिक भारतीय मंद गतीचे असतात. त्यांच्यात औषध रक्तात जास्त काळ राहते आणि यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्राने रुग्णांची मंद व जलद अशी विभागणी करण्यासाठी सल्फाडिमिडीन देऊन लघवी व रक्त तपासण्याची पद्धत १९७० साली प्रसिद्ध केली. ते काम साध्या रंगमापकावर झाले होते, एनएमआरवर नव्हे.

सीवायपी३ए या विकरासाठी काहीही न देता लघवीतील ६-बीटा-हायड्रॉक्सीकॉर्टिसॉल आणि कॉर्टिसॉल यांचे गुणोत्तर पाहता येते. दिवसभरात कॉर्टिसॉल चढत-उतरत असते, म्हणून वेळ एकच ठेवावी आणि ज्येष्ठमध चघळणाऱ्यांना आधी थांबवावे, कारण ज्येष्ठमध कॉर्टिसॉलची विल्हेवाटच बदलतो. स्मिथ यांच्या सीवायपी२डी६ साठी अलीकडे बटाट्यातील सोलॅनिडीन हा पदार्थ उपयोगी ठरतो आहे. हेच विकर त्याला बदलते, त्यामुळे बटाटा खाणाऱ्याला वेगळे औषध देण्याची गरज उरत नाही. कंदमुळे न खाणाऱ्या जैन स्वयंसेवकांत मात्र ही खूण शून्य दिसेल, आणि त्या शून्याचा अर्थ ‘मंद’ असा लावणे ही घोडचूक होईल.

स्वयंसेवकाला काय सांगावे

निकाल हाती आल्यावर स्वयंसेवक हमखास विचारतो: ‘म्हणजे मला पॅरासिटामॉल चालते की नाही?’ उत्तर आधीच ठरवून ठेवावे. सल्फेटचे गुणोत्तर कमी येणे हा आजार नाही. ग्लुकुरोनाइडची वाट नेहमीच्या डोसला पुरेशी असते. या चाचणीवरून कोणाचाही डोस वाढवू वा कमी करू नये, आणि २४ तासांत ४ ग्रॅमची कमाल मर्यादा सर्वांना तशीच लागू राहते. हे तोंडी सांगून भागत नाही. संमतिपत्राच्या पहिल्याच पानावर, सहीच्या जागेच्या वर, ते लिहिलेले असावे. लिव्हरच्या नेहमीच्या चाचण्यांत काही बिघाड आढळला, तर तो या प्रयोगाच्या निकालात न मिसळता उपस्थित डॉक्टरांनी त्याच दिवशी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून स्वयंसेवकाच्या हाती द्यावा.